वाचकांचे प्रश्न : सुई, लोकर आणि तरुण हात

विणकाम, रफू, भरतकाम किंवा घरची साठवण यांविषयी या सदराकडे येणारी पत्रे पूर्वी बहुधा पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांची असत. अलीकडे मात्र विशी-तिशीतले वाचक मोठ्या उत्साहाने आणि कधीकधी थोड्या संकोचाने लिहू लागले आहेत, आणि त्यांच्या पत्रांत सुया, धागे, बरण्या आणि उसवलेल्या पट्ट्या यांचे इतके बारीक तपशील असतात की प्रत्येक पत्र पुन्हा वाचावेसे वाटते. या अंकात अशीच काही पत्रे घेतली आहेत. जागेअभावी प्रश्न संक्षिप्त केले असले, तरी मूळ मुद्दा वगळलेला नाही.

प्रश्न : मी 26 वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी विणकाम शिकायला सुरुवात केली. सुईवर 30 टाके घातले होते. वीतभर विणून झाल्यावर मोजले तेव्हा 37 भरले आणि पट्टी वरच्या बाजूला पंख्यासारखी रुंद होत गेली. आतापर्यंत चार वेळा उसवले आहे. माझ्या हातातच ही कला नाही असे समजून सोडून द्यावे का?

मुळीच सोडू नका. तुमच्या हाताची चूक कुठे होत असावी, हे तुमच्या पत्रातच दिसते आहे. विणताना टाके आपोआप वाढत नाहीत. ते वाढण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि नवशिक्या हाताच्या बाबतीत त्यांतली पहिली जागा म्हणजे ओळीची सुरुवात. एक सुलट ओळ संपवून तुम्ही काम उलटता, तेव्हा धागा तुमच्याकडच्या बाजूला लोंबत असतो. पुढची सुलट ओळ सुरू करण्यासाठी तो मागे न्यावा लागतो. हा धागा सुईच्या टोकाखालून मागे न नेता सुईच्या वरून मागे ओढला, तर काठाचा पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर शेजारी शेजारी बसतात. पाहणाऱ्याला ते दोन टाके वाटतात. तुम्ही दोन्ही विणता आणि 30 चे 31 होतात. ज्या ज्या ओळीत धागा वरून गेला, त्या त्या ओळीत एकेक टाका वाढत गेला आणि तुमची पट्टी पंख्यासारखी पसरली. दुसरी जागा म्हणजे सुलट आणि उलट टाक्यांमधला बदल. तिथे धागा पुढे-मागे नेताना दोन सुयांच्या मधून न्यायचा असतो. तो सुईवरून गेला की एक फुकटचा वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत त्याच्या जागी लहानसे भोक दिसते. तिसरी शक्यता अशी की सुईचे टोक धाग्याच्या पिळात शिरते आणि एका टाक्याची दोन शकले होतात.

म्हणून पुढच्या वेळी तीन गोष्टी करून पाहा. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर आणि साडेचार ते पाच मिलिमीटरच्या सुया घ्या. गडद किंवा केसाळ लोकरीत टाका नीट दिसत नाही आणि जो दिसत नाही तो मोजताही येत नाही. पहिला आठवडाभर प्रत्येक ओळ संपली की टाके मोजा. हे कंटाळवाणे वाटेल, परंतु चूक एका ओळीत सापडली तर उसवावी लागते तीही एकच ओळ. आणि दर दहा ओळींनंतर वेगळ्या रंगाचा पातळ सुती दोरा मोठ्या सुईत ओवून सगळ्या टाक्यांमधून आरपार काढून ठेवा. पुढे काही बिघडले, तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावे लागेल. टाके दोऱ्यावर अडून राहतील आणि पुन्हा सुईवर घेता येतील. चार वेळा संपूर्ण पट्टी उसवण्याचे दुःख या एका दोऱ्याने टळले असते.

आता ‘हातात कला नाही’ या वाक्याविषयी. हे वाक्य मला मनापासून नको आहे, कारण ते लिहिणाऱ्या माणसाच्या हाताला शिकायला जेमतेम तीन आठवडे मिळालेले असतात. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या तल्लीन अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की कामाचे आव्हान आणि अंगातले कौशल्य यांची पातळी जुळली की तंद्री लागते; आव्हान जास्त झाले तर चिंता वाटते आणि कमी पडले तर कंटाळा येतो. तुम्ही सध्या चिंतेच्या बाजूला आहात, इतकेच. काही आठवड्यांनी बोटे धागा आपण होऊन धरू लागतील, नजर सुईवरून उठेल आणि तरीही ओळ बरोबर येईल. तो दिवस पहिल्यांदा येतो तेव्हाचा आनंद मला आजही स्पष्ट आठवतो. मी शेजारच्या व्यक्तीशी बोलत होते, खाली पाहिले तर आठ ओळी झाल्या होत्या आणि टाके तितकेच होते.

विणकामाने मन शांत होते का, असेही तुम्ही ताजा कलमात विचारले आहे. 2013 मध्ये ब्रिटनमधील एका व्यवसायोपचारविषयक नियतकालिकात जगभरातल्या 3,500 हून अधिक विणकरांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यांत वारंवार विणणाऱ्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगितले होते. मात्र ही उत्तरे मुळातच विणकामावर प्रेम करणाऱ्यांची होती, त्यामुळे त्यावरून औषधासारखा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. माझा स्वतःचा अनुभव त्या विणकरांसारखाच आहे, आणि तुमचाही तसा व्हावा अशी माझी इच्छा आहे.

प्रश्न : नमुन्यात सांगितल्याप्रमाणे मोजून 200 टाके घेतले, तरी स्वेटर अंगात शिरत नाही. नमुना चुकीचा असेल का?

नमुना बहुधा बरोबर आहे. तुमचा हात नमुना लिहिणाऱ्यापेक्षा घट्ट आहे. समजा, नमुन्यात 10 सेंटिमीटरमध्ये 20 टाके बसतात असे गृहीत धरले आहे आणि तुमच्या हातून तेवढ्याच जागेत 22 बसतात. फरक दोनच टाक्यांचा, परंतु 200 टाक्यांचा घेर 100 सेंटिमीटर होण्याऐवजी 91 सेंटिमीटरच्या आसपास होतो. म्हणून आधी 15 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणावा, तो धुवून वाळवावा आणि मग मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. ते जास्त भरले तर अर्धा मिलिमीटर जाड सुया घ्याव्यात. हा तुकडा विणण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. तो न विणल्यामुळे पूर्ण स्वेटर उसवण्याची वेळ माझ्यावर एकदा आली. त्यानंतर मी कधीही टाळाटाळ केलेली नाही.

प्रश्न : मी 31 वर्षांची असून पूर्णवेळ नोकरी करते. शिवण, रफू, पाव भाजणे, घर नीटनेटके ठेवणे यांत मला खरोखर आनंद वाटतो. मैत्रिणी म्हणतात, तू घड्याळाचे काटे मागे फिरवते आहेस. आई तर दुखावली. म्हणाली, ‘यातून सुटायला आम्हाला इतकी वर्षे लागली आणि तू पुन्हा त्यातच शिरतेस.’ मी काही चूक करते आहे का?

तुमच्या आईच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण त्यांचे दुखावणे खरे आहे. ज्या पिढीने शिवण, रांधण आणि धुणे हे आवडीने निवडले नव्हते, तर जन्मतःच अंगावर पडलेले काम म्हणून केले, त्या पिढीला धुलाईयंत्र आणि तयार कपडे ही सुटका वाटली आणि तसे वाटणे अगदी योग्य होते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1989 मध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरकामाला ‘दुसरी पाळी’ असे नाव दिले. कचेरीतली एक पाळी संपवून घरी आल्यावर सुरू होणारी ही पाळी जिने वर्षानुवर्षे केली, तिला मुलीच्या हातात शिवणाचा डबा पाहून भीती वाटली तर नवल नाही. आईंना उत्तर देण्याआधी त्यांचे ऐकून घ्या. त्यांना कोणते काम सर्वांत नकोसे वाटे, हे एकदा विचारा. कदाचित असेही कळेल की त्यातले एखादे काम त्यांना मनातून आवडत होते, परंतु ते आवडते असे म्हणायची सोय नव्हती.

मैत्रिणींच्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. घरकाम हे ज्ञानाचे क्षेत्र नाही, अशी समजूत त्यामागे आहे आणि ती चुकीची आहे. एलेन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाई 1873 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पाण्याच्या शुद्धतेवर त्यांनी मोलाचे काम केले आणि तेच रसायनशास्त्र त्यांनी घराच्या पाण्याला, हवेला आणि अन्नाला लावले. पुढे गृहविज्ञान नावाची विद्याशाखा उभी राहिली त्यात त्यांचा वाटा फार मोठा होता. पावाच्या पिठात जंगली यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू एकत्र नांदतात, लोकर गरम पाण्यात घासली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून कापड आटते, सुती कापड उभ्या धाग्याच्या दिशेने कापले तर झोळ कमी पडतो, ही सगळी माहिती बुद्धीनेच मिळवावी लागते. ती हातात उतरते म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही एक गोष्ट तुम्ही स्वतःला प्रामाणिकपणे विचारावी. हाती घेतलेले काम आज अर्धवट सोडले, तर घरात कोणी उपाशी राहणार आहे का, किंवा कोणी रागावणार आहे का? कोणीच नसेल, तर तो तुमचा छंद आहे. असेल, तर ती जबाबदारी आहे, आणि जबाबदारी घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची असते. पाव भाजणे हा तुमचा छंद असू शकतो. मात्र त्यानंतरची भांडी नेहमी तुम्हीच घासत असाल, तर त्या छंदाला चिकटून दुसरी पाळी घरात शिरली आहे, हे ओळखा. आईंची भीती तिथे खरी ठरते. तुम्ही राहता त्या घरातल्या पुरुषांना बटण लावता येते का, हा प्रश्न मी तुमच्या पत्राला मुद्दाम जोडते आहे, कारण घरगुती कौशल्ये ही जगण्याची कौशल्ये आहेत आणि ती एकाच व्यक्तीकडे साठली की तिच्यासाठी ओझे होतात.

प्रश्न : मी 24 वर्षांचा तरुण आहे. भरतकाम शिकायची फार इच्छा आहे, पण मित्र हसतील असे वाटते.

हसू द्या, आणि शिका. मध्ययुगीन युरोपात विणकामाचे व्यावसायिक संघ मुख्यतः पुरुषांचे होते. मोजे विणण्याचे पहिले यंत्र 1589 मध्ये विल्यम ली या इंग्रज धर्मोपदेशकाने बनवले. विल्यम मॉरिस यांनी एकोणिसाव्या शतकात यंत्राच्या एकसुरी मालाला कंटाळून हस्तकलेची मोठी चळवळ उभी केली, तेव्हा ते स्वतः भरतकाम, रंगवणे आणि विणणे शिकले, त्यासाठी जुने नमुने उसवून पाहिले आणि हात निळे होईपर्यंत नीळ कालवली. तुम्ही धावदोरा, उलटी टीप आणि साखळी टाका या तिघांपासून सुरुवात करा. कापड रिंगमध्ये ढोलासारखे ताणून बसवा आणि दोरा हातभर लांबीपेक्षा जास्त घेऊ नका, कारण लांब दोरा गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढला गेल्याने विरतो.

प्रश्न : स्वेटरच्या कोपरावर नाण्याएवढे भोक पडले आहे. टाकून द्यायचे मन होत नाही. घरी रफू करता येईल का, आणि असे करून खरोखर काही वाचते का?

करता येईल, आणि पहिल्याच प्रयत्नात ते अंगावर घालण्याजोगे होईल. स्वेटरच्या लोकरीइतक्याच जाडीचा धागा आणि बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई घ्या. कोपराच्या आत एखादी गोल गुळगुळीत वस्तू ठेवा. लाकडी अंडे मिळाले तर उत्तम, नाहीतर छोटी उलटी वाटी चालेल. ती भोकाखाली नुसती टेकवायची असते, कापड तिच्यावर ताणायचे नसते. ताणून रफू केले तर ती वस्तू काढल्यावर तो भाग चुरगळतो. भोकाच्या काठापासून साधारण एक सेंटिमीटर अलीकडे, जिथे विण धड आहे तिथून उभा धावदोरा घालायला सुरुवात करा. भोक आले की धागा त्यावरून सरळ पलीकडे न्या आणि पलीकडेही सेंटिमीटरभर धड विणीत शिवा. वळताना धाग्याचा इवलासा फासा सैल ठेवा, कारण धुतल्यावर लोकर थोडी आटते आणि त्या वेळी हा फासा कामी येतो. असे उभे धागे भोकभर जवळजवळ घालून झाले की सुई आडवी फिरवा आणि एका धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून अशी विणत न्या. परतीच्या ओळीत क्रम उलटा. प्रत्येक आडवा धागा सुईच्या टोकाने आधीच्या धाग्याला हलकेच चेपत जा. शेवटी धाग्याला गाठ मारू नका. धड विणीत दोनदा पुढे-मागे शिवून धागा कापा, कारण गाठ कोपराला टोचते. सगळे मिळून पाऊण तास लागेल.

काय वाचते, याचे उत्तर तुमच्या स्वेटरवर अवलंबून आहे. 1943 मध्ये युद्धकाळात कापडाचे रेशनिंग असताना ब्रिटिश सरकारने लोकांना जुने कपडे सांभाळून, दुरुस्त करून वापरायला शिकवणारी पुस्तिका काढली होती. तेव्हा रफू ही निकड होती. आज ती निकड बहुतेकांना नाही, आणि स्वस्त, पातळ, एका हंगामात विरणाऱ्या कपड्याला पाऊण तास देणे मलाही पटत नाही. परंतु चांगल्या लोकरीचा कपडा तुम्ही वाचवलात, तर ती लोकर, तो रंग आणि ते विणण्यात गेलेले तास पुढची कितीतरी वर्षे वापरात राहतात. हल्ली अनेक तरुण मुद्दाम वेगळ्या रंगाच्या धाग्याने रफू करतात, म्हणजे दुरुस्ती लपवण्याऐवजी ती दिसावी अशी त्यांची इच्छा असते. जपानमधील साशिको या जाड सुती टाक्यांच्या पद्धतीतही दुरुस्तीचेच नक्षीकाम झालेले दिसते. मला ही रीत फार आवडते. निळ्या स्वेटरच्या कोपरावर मोहरीच्या रंगाचा चौकोन पाहिला की त्यामागे बसलेले कोणीतरी माणूस दिसते.

प्रश्न : (1) भाज्या मिठाच्या पाण्यात आंबवायला ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले, बुडबुडे आले आणि वर पांढरट पापुद्रा धरला. टाकून द्याव्यात का? (2) उकडलेल्या शेंगा गरम असतानाच काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावले होते. सहा आठवड्यांनी झाकण फुगले आहे. वास घेऊन पाहू का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते तातडीचे आहे. वास घेऊ नका, चाखू तर मुळीच नका, झाकणही उघडू नका. बरणी तशीच पिशवीत गुंडाळून, लहान मुले आणि प्राणी यांचा हात किंवा तोंड लागणार नाही अशा रीतीने टाकून द्या. फ्रान्सच्या निकोला ॲपेर यांनी अन्न काचेच्या बाटलीत बंद करून उकळण्याची पद्धत 1810 मध्ये प्रसिद्ध केली. ती का टिकते, हे पाश्चर यांच्या संशोधनामुळे सुमारे अर्ध्या शतकानंतर उलगडले. पण साधे उकळणे सगळ्याच पदार्थांना पुरत नाही. बोटुलिझम नावाचा जीवघेणा आजार निर्माण करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू 100 अंश सेल्सियसला मरत नाहीत आणि हवा नसलेल्या, आंबटपणा नसलेल्या बंद बरणीत त्यांना वाढायला अगदी अनुकूल जागा मिळते. पदार्थाचा सामू 4.6 किंवा त्याहून कमी, म्हणजे तो पुरेसा आंबट असेल, तर ते वाढत नाहीत. शेंगा आंबट नसतात, म्हणून त्यांच्यासाठी दाबाखाली सुमारे 116 ते 121 अंश तापमान ठरावीक वेळ द्यावे लागते आणि ते काम याच कारणासाठी बनवलेल्या उपकरणात, तपासून सिद्ध झालेल्या वेळापत्रकानुसारच करायचे असते. रोजच्या स्वयंपाकाचा कुकर त्याला पर्याय समजू नये. विष झालेले असले तरी वास आणि चव बदललेली असेलच असे नाही, हे कृपया लक्षात ठेवा. घरगुती साठवणीचा आनंद मी अनेकांना आवर्जून घ्यायला सांगते, पण या एका ठिकाणी अंदाजाने काहीही करू नये.

पहिल्या बरणीची मात्र काळजी नको. पाणी गढूळ होणे आणि बुडबुडे येणे म्हणजे आंबण्याची क्रिया नीट चालली आहे. पांढरा, सपाट, पातळ पापुद्रा बहुधा निरुपद्रवी यीस्टचा असतो. तो चमच्याने काढून टाका. लोकरीसारखी केसाळ किंवा हिरवी, काळी, गुलाबी बुरशी दिसली तर सगळेच टाकावे. भाजीत थेट मीठ चोळून आंबवत असाल, तर वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ, म्हणजे एक किलोला 20 ते 25 ग्रॅम, हे प्रमाण काट्यावर मोजून घ्या आणि भाजी सतत पाण्याखाली दबलेली ठेवा.

प्रश्न : क्रोशाची खेळणी करते. सगळे म्हणतात, विकायला काढ. काढू का? शिवाय घरात चार कामे अर्धवट पडली आहेत, त्यांचे काय करू?

विकण्यापूर्वी एका खेळण्याला लागणारे तास घड्याळ लावून मोजा. क्रोशाचे विणकाम अजूनही हातानेच होते. मोठ्या प्रमाणावर ते करणारी यंत्रे प्रचारात नाहीत. म्हणजे कुठेही स्वस्तात दिसणाऱ्या क्रोशाच्या वस्तूमागे कोणाचे तरी अतिशय कमी मोबदल्यातले तास असतात आणि बाजारात तुमची स्पर्धा त्या तासांशी असते. हे माहीत असूनही विकावेसे वाटले तर अवश्य विका. फक्त ‘इतके छान करतेस, मग विकत का नाहीस’ या कौतुकाला बळी पडू नका. मागणीनुसार तेच अस्वल तिसाव्यांदा करताना हातातली सुई जड झाल्याचे मला एकापेक्षा अधिक वाचकांनी कळवले आहे. एखादी गोष्ट केवळ आवडते म्हणून करणे, हे पुरेसे कारण आहे.

अर्धवट कामांविषयी. नॉर्टन, मोशॉन आणि एरिली या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिले की स्वतः जोडलेल्या किंवा घडवलेल्या वस्तूला माणूस अधिक मोल देतो. परंतु काम पूर्ण करता आले नाही, तर हा परिणाम नाहीसा होतो. माझ्या मते अर्धवट कामे आपल्याला का टोचतात, याचे हे चांगले स्पष्टीकरण आहे. चारांपैकी जे दोन बैठकांत संपेल ते आधी संपवा. जे पाहून मनात अपराधीपणाखेरीज काहीच येत नाही, ते निःशंक उसवा आणि लोकरीचा गुंडा करून ठेवा. ते संपेपर्यंत नवी लोकर आणू नका.

प्रश्न : मी 72 वर्षांची आहे. नात विणकाम शिकवायला सांगते. साठ वर्षे विणते आहे, पण तिने ‘धागा बोटात कसा धरायचा’ असे विचारले की मला सांगताच येत नाही. हात करतात, तोंड अडते. मग मी तिच्या हातून सुया घेते आणि करून दाखवते, आणि ती कंटाळते.

आपले पत्र वाचून मला फार आनंद झाला. जे हाताला ठाऊक असते ते शब्दांत मावत नाही, ही आपली उणीव नाही. साठ वर्षांत ते ज्ञान तोंडातून निघून बोटांत गेले आहे. तत्त्वज्ञ मायकल पोलान्यी यांनी अशाच अव्यक्त ज्ञानाविषयी बरेच लिहिले आहे. आपण एकदा एकट्या असताना अगदी सावकाश, एका टाक्याला मिनिटभर घेऊन विणून पाहा आणि बोटे काय करतात ते मोठ्याने बोला : धागा करंगळीवरून गेला, मधल्या दोन बोटांखालून आला, तर्जनीवर टेकला. आपल्यालाच नवल वाटेल.

नातीला शिकवताना तिच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोरून पाहिले की डावे-उजवे उलटे दिसते. ती डावखुरी असेल तर मात्र समोरच बसावे, म्हणजे आपले हात तिला आरशासारखे दिसतील. दोघींच्या हातांत वेगवेगळ्या सुया आणि वेगवेगळी लोकर असू द्या. तिचा टाका चुकला तरी तिच्या सुया आपल्या हातात घेऊ नका. आपल्या सुईवर तीच चूक मुद्दाम करा आणि ती कशी सोडवायची ते तिथे दाखवा. टाका निसटला तर क्रोशाची सुई तिच्या हातात द्या आणि निसटलेल्या फासातून वरची आडवी दोरी एकेक करून ओढत तो टाका शिडी चढल्यासारखा वर कसा आणायचा ते तिलाच करू द्या. पहिल्या दिवशी वीस मिनिटे पुरेत. तिला खिडकीजवळ अशी बसवा की उजेड डाव्या खांद्यावरून येईल, डावखुरी असेल तर उजव्या.